वळूच्या रेताची परीक्षा आणि तिची मर्यादा



गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांखालील आपल्या कोपरगाव तालुक्यात ऊस हे मुख्य पीक खरे. परंतु उसाचा पैसा हाती येण्यास वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते. घरखर्च, मुलांच्या फिया, दवापाणी हे सारे बहुतेक घरी दुधाच्या पैशावर निभावते. ते दूध गाय वेळेवर गाभण राहून वेळेवर व्याली तरच मिळावयाचे. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. एक माज वाया गेला म्हणजे तीन आठवडे गेले. तीन माज वाया गेले म्हणजे दोन महिन्यांची वैरण व पेंड व्यर्थ गेली. असे असता गाय उलटली की आपण सारा दोष गायीच्या माथी मारतो, आणि वळूकडे बोट दाखविण्याचे आपणांस सुचतही नाही. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणूनच हा विषय हाती घेतला आहे.

आमची चूक

महसूल खात्यातील कारकुनी संपवून आम्ही घरच्या शेतीवर आलो त्यास काही वर्षे झाली. दावणीला एक गुणी गाय होती. तिचे तिसरे वेत नुकतेच आटोपले होते. त्या साली वस्तीवरील एका सद्गृहस्थांनी गीर जातीचा वळू आणला होता. वशिंड डौलदार, पोळी लांब, चाल गंभीर. पाहणाऱ्याची नजर ठरावी असे जनावर. आम्ही आपली गाय त्याजकडूनच फळविली. ती उलटली. पुन्हा फळविली, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदाही तेच झाले, तेव्हा 'गाय भाकड निघाली' असा निकाल देऊन आम्ही तिला लोणीच्या बाजारात मिळेल त्या किमतीस विकली. पुढे चार महिन्यांनी घेणाऱ्या गृहस्थांची गाठ पडली असता कळले की, गाय त्यांचेकडे दुसऱ्याच माजाला गाभण राहिली.

मग आम्ही वस्तीवर चौकशी केली. त्या पावसाळ्यात त्याच वळूकडून फळविलेल्या अकरा गायींपैकी नऊ उलटल्या होत्या. परंतु प्रत्येकजण आपापल्या दावणीपुरतेच पाहत असल्याने ही बेरीज कोणीच केली नव्हती. ओळखीच्या पशुवैद्यांकडून वळूचे रेत तपासून घेतले, तेव्हा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली शुक्रजंतू थोडे व त्यांतही हालचाल करणारे फारच थोडे दिसले. खोदून विचारता मालकांनी सांगितले की, वैशाखात वळूस आठवडाभर कडक ताप आला होता. वळूस विश्रांती दिली व सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा तेच रेत चांगले भरले. जनावर तेच, रूप तेच; मधल्या काळात मात्र ते कुचकामी झाले होते. एक चांगली गाय आम्ही हकनाक घालविली.

रेत कसे तयार होते

वरील प्रकाराचे कारण समजण्यास थोडी शरीररचना जाणली पाहिजे. शुक्रजंतू वृषणांत तयार होतात. एक शुक्रजंतू पूर्णपणे घडण्यास वळूच्या शरीरात सुमारे ६१ दिवस लागतात. पुढे वृषणालगतच्या नळीत पक्व होण्यास आणखी आठ ते अकरा दिवस जातात. म्हणजे आज मिळणारे रेत हे सुमारे सव्वादोन महिन्यांपूर्वी पेरलेले पीक होय. ज्याप्रमाणे पेरणीच्या वेळी पडलेला ताण कणसात उतरतो, त्याप्रमाणे वैशाखातील ताप वा उन्हाचा तडाखा आषाढातील रेतात उतरतो. वळू तोवर खडखडीत बरा झालेला असतो, त्यामुळे त्याचा संशयही येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गोवंशाच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. परंतु शुक्रजंतू निपजण्यास त्याहून दोन ते पाच अंशांनी कमी उष्णता लागते. याचसाठी निसर्गाने वृषणे शरीराबाहेर पिशवीत लोंबती ठेविली आहेत. पिशवीस सूज, जखम किंवा फार चरबी असल्यास ही थंडाव्याची व्यवस्था बिघडते. म्हणून वळूची परीक्षा रेतापूर्वी हाताने व फितीने सुरू होते. दोन्ही वृषणे सारख्या आकाराची, घट्ट पण लवचीक व पिशवीत सहज हलणारी असावीत. पाश्चात्य देशांत पैदाशीच्या वळूसाठी पिशवीचा घेर पंधरा महिन्यांपर्यंतच्या वयास निदान ३० सेंटिमीटर व दोन वर्षांपुढे निदान ३४ सेंटिमीटर असावा, असे माप १९९३ सालापासून धरले जाते. आपल्या देशी जाती सावकाश वयात येतात, तेव्हा हे माप त्यांस जसेच्या तसे लावू नये. परंतु एकाच वयाच्या व एकाच जातीच्या दोन गोऱ्ह्यांत ज्याचा घेर मोठा तो सामान्यतः अधिक रेत देतो, हे तत्त्व सर्वत्र खरे आहे.

रेताची परीक्षा

रेतात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना १६७७ साली हॉलंडमधील लेव्हेनहुक याने आपल्या भिंगातून प्रथम पाहिले. आज प्रयोगशाळेत ही परीक्षा पायरीपायरीने होते. ती येणेप्रमाणे :—

पहिली, डोळ्यांची परीक्षा. कृत्रिम योनीत घेतलेले रेत मापाच्या नळीत पाहतात. प्रौढ वळूपासून एका वेळी सामान्यतः ४ ते ८ मिलिलिटर रेत मिळते. रंग दुधी वा साईसारखा असावा. पाण्यासारखे पातळ रेत शुक्रजंतूंची कमतरता दाखविते. तांबूस छटा रक्ताची व गाठाळपणा पुवाचा संशय उत्पन्न करतो.

दुसरी, सामुदायिक हालचाल. कोमट काचपट्टीवर रेताचा थेंब ठेवून पाहिला असता शुक्रजंतूंच्या लाटा व भोवरे उठताना दिसतात. त्यांचा वेग पाहून शून्य ते पाच असे गुण देतात. काचपट्टी गार असल्यास चांगले शुक्रजंतूही मंद पडतात, म्हणून ती ३७ अंशांवर ठेवणे अवश्य आहे. पुष्कळ वेळा वळू निर्दोष असून परीक्षकाच्या गार काचेमुळे नापास होतो.

तिसरी, स्वतंत्र हालचाल. रेत पातळ करून एकेक शुक्रजंतू पाहतात. नुसती वळवळ उपयोगाची नाही. सरळ रेषेत पुढे जाणारेच मोजावयाचे. ताज्या रेतात असे शुक्रजंतू शेकडा ७० तरी असावेत, तरच ते गोठविण्यास घेतात.

चौथी, संख्या. एका मिलिलिटरमध्ये सुमारे ८० ते १५० कोटी शुक्रजंतू असतात. समजा, ६ मिलिलिटर रेत मिळाले व दर मिलिलिटरला १२० कोटी शुक्रजंतू भरले, तर एकूण ७२० कोटी झाले. नैसर्गिक रीतीने ते सर्व एकाच गायीवर खर्च होतात. कृत्रिम रेतनात एका मात्रेस २ कोटी शुक्रजंतू धरले, तर त्याच रेतापासून ३६० मात्रा होतात. ह्या एका हिशेबातच कृत्रिम रेतनाचा सारा लाभ व सारी जोखीम दोन्ही आहेत. कारण चांगल्या वळूचा गुण ज्या वेगाने पसरतो, वाईट वळूचा दोषही त्याच वेगाने पसरतो.

पाचवी, जिवंत व मृत यांची निवड. इओसिन व निग्रोसिन हे रंग रेतात मिसळले असता मृत शुक्रजंतूंच्या अंगात रंग शिरून ते गुलाबी दिसतात व जिवंत शुक्रजंतू काळसर पार्श्वभूमीवर पांढरे राहतात.

सहावी, आकाराची परीक्षा. शुक्रजंतूस डोके, मान व शेपटी असते. डोके वाकडे वा लहान, शेपटी गुंडाळलेली, डोके तुटलेले असे विकृत शुक्रजंतू शेकडा २० पेक्षा अधिक नसावेत. शेपटीच्या मुळाशी थेंब चिकटलेले पुष्कळ शुक्रजंतू आढळल्यास वळू कोवळा आहे किंवा त्याजकडून फार वेळा काम घेतले जात आहे, असा अर्थ होतो.

सातवी, मेथिलिन ब्लूची परीक्षा. ही जुनी व स्वस्त आहे. निळ्या रंगाचा थोडासा अंश रेतात घालून तो कोमट ठेवला असता जोमदार शुक्रजंतूंच्या श्वसनाने रंग नाहीसा होतो. उत्तम रेतात ही क्रिया तीन ते सहा मिनिटांत घडते. नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास रेत हलके समजावे.

याखेरीज अलीकडे संगणकास जोडलेल्या यंत्राने प्रत्येक शुक्रजंतूचा वेग मोजता येतो. तसेच सौम्य क्षाराच्या पाण्यात शुक्रजंतू ठेवून शेपटी वळते की नाही हे पाहतात. ज्याचे आवरण शाबूत तोच पाणी आत घेतो व त्याचीच शेपटी वळते.

गोठविलेले रेत

आपल्या देशात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग म्हैसूर येथील राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ साली झाला. त्या काळी रेत ताजेच वापरावे लागे व ते तीन-चार दिवसांत निकामी होई. १९४९ साली इंग्लंडातील पोल्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरीन मिसळले असता शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहतात हे दाखविले, आणि तेथून हे शास्त्र पालटले. आज रेत पाव मिलिलिटरच्या कांडीत भरून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवितात. ते वर्षानुवर्षे टिकते.

महाराष्ट्रात हे काम दारोदार पोहोचविण्याचे मोठे श्रेय मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेस आहे. सरकारच्या वतीने महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ हे काम पाहते व त्याच्या गोठित रेताच्या प्रयोगशाळा पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगरजवळील हर्सूल येथे आहेत. २००४ सालापासून भारत सरकारने रेत केंद्रांसाठी किमान नियम घालून दिले असून केंद्रांची पाहणी करून त्यांस श्रेणी दिली जाते. गोठविलेली कांडी वितळविल्यावर शेकडा ५० तरी शुक्रजंतू पुढे चालले पाहिजेत, अन्यथा ती सर्व तुकडी बाद करावी, असा नियम आहे. तेथील वळूंची क्षय, सांसर्गिक गर्भपात इत्यादी रोगांसाठीही वेळोवेळी परीक्षा होते.

याच्याशी जुन्या व्यवस्थेची तुलना करावी. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुसुधारणेचा कायदा झाला. ज्या भागास तो लागू होई तेथे परवान्यावाचून वळू ठेवता येत नसे व निकृष्ट वळू खच्ची करविण्याचा अधिकार सरकारास होता. हेतू उत्तम होता. परंतु पाहणीचा भर जनावराच्या जातीवर, बांध्यावर व उघड दिसणाऱ्या रोगावर असे. आमच्या वस्तीवरील तो वळू अशा पाहणीत पहिल्या क्रमांकाने उतरला असता.

परीक्षेची मर्यादा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रेत परीक्षेत उतरले म्हणजे गाय गाभण राहीलच काय? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. ह्या परीक्षा नालायक वळू निवडून बाजूस काढण्यास फार उपयोगी आहेत. परंतु उरलेल्यांपैकी कोणता किती फळ देईल हे त्यांवरून पुरते सांगता येत नाही.

कारण दोष दोन प्रकारचे असतात. काही शुक्रजंतू मंद किंवा मृत असल्यामुळे गर्भाशयातून पुढे पोहोचतच नाहीत; येथे मात्रेतील संख्या वाढविली की उणीव भरून निघते. दुसऱ्या प्रकारात शुक्रजंतू अंड्यापर्यंत पोहोचतो, परंतु त्याच्या आतील बीजद्रव्यच बिघडलेले असल्याने गर्भ काही दिवसांत नष्ट होतो; येथे संख्या कितीही वाढवा, उपयोग नाही. पाभरीतून बी विरळ पडले तर दाट पेरता येते. बियाण्याचा कोंबच किडका असेल तर दाट पेरून काय होणार?

याहून विलक्षण उदाहरण जर्मनी व ऑस्ट्रियाकडील फ्लेकव्ही जातीत आढळले. काही वळूंचे रेत संख्या, हालचाल व आकार ह्या सर्व परीक्षांत निर्दोष ठरत असे. तथापि त्यांचे रेत वापरलेल्या शंभर गायींत दोनसुद्धा गाभण राहत नसत. २०१४ साली शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधून काढले. शुक्रजंतूच्या आवरणातील एक प्रथिन आनुवंशिक दोषामुळे ह्या वळूंत तयारच होत नव्हते. सूक्ष्मदर्शक यंत्रास जे दिसले नाही, ते शेतकऱ्यांच्या गोठ्यातील नोंदींनी आधी उघड केले.

नोंद हीच अखेरची परीक्षा

तेव्हा वळूची अखेरची परीक्षा म्हणजे किती गायी फळविल्या व त्यांपैकी किती गाभण राहिल्या, हा हिशेब. परंतु हा हिशेबही जपून वाचावा लागतो. आम्ही पिकांच्या पैसेवारीच्या कामात आयुष्य घालविले आहे. एका शेतातील कापणी पाहून गावाची पैसेवारी कोणी ठरवीत नाही. निरनिराळ्या शेतांत प्रयोग करावे लागतात. वळूचेही तसेच आहे. वीस गायींपैकी दहा गाभण राहिल्या, तर त्या वळूची खरी योग्यता शेकडा २८ पासून ७२ पर्यंत कोठेही असू शकेल. शंभरांत पन्नास राहिल्या, तर ती ४० ते ६० च्या दरम्यान समजावी. चारशेंत दोनशे राहिल्या, तर ४५ ते ५५. म्हणजे एका शेतकऱ्याच्या चार गायींवरून वळूस चांगला म्हणू नये आणि वाईटही म्हणू नये. मात्र अकरांपैकी नऊ उलटल्या, तर वळूचे रेत तपासण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. ही बेरीज एकट्याने होत नाही. ती वस्तीने, दूध संस्थेने मिळून करावयाची आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक दूध संस्थेने साधी शंभर पानी वही घालावी व तीत पुढील रकाने आखावेत : गायीच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, माजाची तारीख व वेळ, फळविल्याची तारीख व वेळ, वळूचे नाव किंवा कांडीवरील वळूचा क्रमांक, रेतन करणाराचे नाव, उलटल्याची तारीख, गर्भतपासणीचा निकाल, व्याल्याची तारीख. दर तीन महिन्यांनी वळूवार बेरीज करावी. रेतन करणारावार व गावावारही करावी. कारण एकाच वळूच्या कांड्या एका गावी फळतात व दुसऱ्या गावी फळत नाहीत असे दिसले, तर दोष वळूत नसून कांडी हाताळण्यात किंवा वेळेत आहे असे समजते.

शेतकऱ्याने पाळावयाच्या गोष्टी

१. गाय सकाळी माजावर दिसली तर सायंकाळी व सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी फळवावी. वेळ चुकल्यास उत्तम रेतही वाया जाते.

२. कांडी भरण्यापूर्वी ती पाहण्यास मागावी. तीवर वळूचा क्रमांक, जात व केंद्राचे नाव छापलेले असते. ते वहीत उतरावे. यात कोणाचा अपमान नाही. खताच्या पोत्यावरील छाप आपण वाचतोच.

३. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे अर्धा मिनिट वितळवून लागलीच वापरली पाहिजे. खिशात किंवा मुठीत वितळविलेली कांडी घेऊ नये. पात्रातील नत्र कमी झाले असल्यास आतील कांड्या मेलेल्या समजाव्या.

४. वळू पाळणाऱ्याने त्यास सावली व मुबलक पाणी द्यावे, विशेषतः चैत्र-वैशाखात. ताप, खुरांचा आजार किंवा पिशवीस इजा झाल्यास पुढील अडीच-तीन महिने त्याजकडून गायी फळवू नयेत. त्यानंतर रेत तपासून मगच कामास लावावे.

५. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर वळूचे रेत आणि सांसर्गिक रोग यांची परीक्षा करवावी. वळूमुळे गर्भपाताचे रोग गोठ्यागोठ्यांत पसरतात.

६. रेत फळणारे आहे म्हणजे कालवडी दुधाळ निपजतील असे मात्र समजू नये. वंशाची परीक्षा आईच्या व बहिणींच्या दुधावरून आणि पुढे कालवडींच्या दुधावरून निराळी करावी लागते.

७. गाय तीनदा उलटली तर तिला बाजाराची वाट दाखविण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासावे, त्याच वळूच्या इतर गायींची चौकशी करावी आणि एकदा वळू बदलून पाहावे.

सारांश, रूप पाहून वळू निवडणे म्हणजे बारदान पाहून बियाणे घेण्यासारखे आहे. रेताची परीक्षा त्याहून पुष्कळ पुढची पायरी होय. परंतु शेवटचा शब्द गोठ्यातील नोंदीचाच. आम्ही आयुष्यभर सरकारच्या वह्या लिहिल्या. आपल्या गायीची एक वही मात्र लिहिली नाही, आणि तिची किंमत एका गुणी गायीच्या रूपाने भरली. वाचकांनी ती पुन्हा भरू नये, एवढ्याचकरिता हा लेखप्रपंच.